एक ओळ खाली

माणूस आणि यंत्र यांच्यात मतभेद झाला, तर माणसाने स्वतःत सुधारणा करावी, हे उत्तम प्रशासनाचं पहिलं लक्षण आहे. यंत्र सुधारायचं म्हणजे कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, त्यासाठी टिपणी ठेवावी लागते, टिपणीवर सही लागते, आणि सही करणारे नेमके बैठकीत असतात. माणूस मात्र जागेवर, विनाटिपणी, त्याच दिवशी सुधारता येतो. नगरपालिकेच्या वृक्षगणना विभागाला हे तत्त्व कोणी शिकवलं नव्हतं. ते त्यांना आतूनच उमगलं.

या विभागाचं काम शहरातली झाडं मोजणं. झाडं पळून जात नाहीत, तेव्हा काम सोपं असणार, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पळून न जाणाऱ्या गोष्टीच मोजायच्या राहून जातात. विभागात अठरा गणनाकार होते आणि त्यांत सर्वांत जुने म्हणजे वरिष्ठ गणनाकार. वय बावन्न, वनस्पतिशास्त्राचे पदवीधर (दुसरा वर्ग, कोणी विचारल्यास ‘थोडक्यात पहिला हुकला’), आणि तेवीस वर्षं झाडांच्या वह्या भरण्याचा अनुभव. डोळे मिटून नुसत्या सालीवर हात फिरवून झाड ओळखण्याची कला त्यांना अवगत होती. या कलेसाठी नमुन्यात रकाना नसल्यामुळे ती कोणाच्या लक्षात आली नव्हती.

अशा या विभागात यंत्र आलं.

यंत्राचं कागदोपत्री नाव ‘हस्तधृत नोंदणी संगणक, लेखणीसह’. कर्मचाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘पाटी’ आणि लेखणीचं ‘काडी’ करून टाकलं. आधी चाचणीसाठी एकच पाटी आली, सोबत चाळीस काड्यांचं पाकीट. सहा महिन्यांत त्यांतल्या एकेचाळीस काड्या हरवल्या. (एक काडी सापडून पुन्हा हरवली.) कंपनीच्या माणसाने चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण दिलं. त्यातली पंचवीस मिनिटं चालू असलेला प्लग शोधण्यात गेली. जाताना तो म्हणाला, “अगदी सोपं आहे हो, लहान मुलालाही येतं.” विभागात लहान मूल नसल्यामुळे या विधानाची खातरजमा करता आली नाही.

पाटी चालू केली की सहा चित्रं दिसत. घर, घड्याळ, भिंग, पाना, प्रश्नचिन्ह आणि कंगवा. घरावर काडी टेकवली की माणूस जिथे होता तिथेच पुन्हा येई. घड्याळात वेळ दिसत नसे, जुन्या नोंदी दिसत. वेळ भिंगात दिसे. पान्याने काहीही घट्ट किंवा सैल होत नसे, फक्त पडद्याचा रंग बदले. प्रश्नचिन्हावर टेकवलं की मदत उघडे आणि मदतीचं पहिलं वाक्य असे, ‘मदतीसाठी प्रश्नचिन्हावर टेकवा.’ सहावं चित्र कंगवा आहे की कुंपण आहे की दाताळं, याबद्दल तिघांची एक अनौपचारिक समिती नेमण्यात आली. समितीने बहुमताने कंगवा ठरवला आणि त्याला हात लावू नये अशी शिफारस केली.

पण या सगळ्याच्या आधी, पाटी पहिल्यांदा चालू केली तेव्हाच, एक घटना घडून गेली होती. पाटीने सांगितलं, ‘नेम लावायचा आहे. दिसेल त्या फुलीवर काडी टेकवा.’ मग एकामागून एक पाच फुल्या आल्या. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. काडी होती वरिष्ठ गणनाकारांच्या हातात.

आता विभागात एक फार जुना नियम आहे. नोंदीवर खूण करायची नाही, नोंदीच्या खाली करायची. नोंदीवरच खूण केली तर खालचं अक्षर झाकलं जातं, आणि उद्या कोणी विचारलं तर वाचणार काय? तेवीस वर्षांत वरिष्ठ गणनाकारांनी एकही खूण अक्षरावर केलेली नव्हती. बदलून गेलेले एक साहेब त्यांच्या वह्या नवख्यांना दाखवत असत. तेव्हा फुली आली आणि त्यांच्या हाताने, विनासूचना, विनाविलंब, फुलीच्या बरोबर खाली, साधारण एक ओळ सोडून, काडी टेकवली. पाचही वेळा. इतकी एकसारखी की पाटीने ‘नेम उत्तम लागला’ असं प्रमाणपत्र दिलं.

यंत्र प्रामाणिक असतं. हा माणूस फुलीच्या एक ओळ खाली टेकवतो आणि त्याला फुली म्हणतो, एवढं त्याने लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून काडी कुठेही टेकली की पाटी त्याच्या एक ओळ वरचं ऐकू लागली.

चित्रं अंगठ्याएवढी मोठी होती, तिथे हे चालून जाई. याद्यांच्या ओळी मात्र मुंग्यांच्या रांगेसारख्या. आणि यादी तर विभागाच्या कामाचा गाभा. झाडाची जागा, जात, घेर हे सगळं जुन्या वह्यांतून कंपनीने आधीच भरलेलं. गणनाकाराने झाडासमोर उभं राहायचं आणि पाचांतून एक अवस्था निवडायची, एवढंच. कंपनीने या अवस्था आजाराच्या क्रमाने न लावता अक्षरांच्या क्रमाने लावल्या होत्या. अनिश्चित, आजारी, धोकादायक, निरोगी, मृत. (या क्रमात आरोग्य हे मरणाच्या अगदी डोक्यावर बसलेलं असतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.)

पहिल्या दिवशी वरिष्ठ गणनाकारांनी ठणठणीत झाडासमोर उभं राहून ‘निरोगी’वर टेकवलं. नोंद झाली ‘धोकादायक’. दुसऱ्या झाडालाही तेच. त्यांनी यंत्राला दोष दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा. आधी त्यांनी हात तपासला, कापतो का. मग काडी उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन पाहिली. मग डोळे तपासून चष्म्याचा नंबर बदलून घेतला. नव्या चष्म्यातून चूक तितकीच होत राहिली, फक्त जास्त स्पष्ट दिसू लागली. तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी, एका वाळलेल्या खोडापुढे वैतागून त्यांनी काडी यादीच्या खालच्या मोकळ्या जागेत आपटली, आणि पाटीने ‘टिंग’ असा आवाज करून ‘मृत’ ही नोंद घेतली.

त्या क्षणी त्यांना यंत्र कळलं. यंत्राचं काहीच चुकत नव्हतं. आपणच वर टेकवत होतो!

ज्ञान झालेला माणूस गप्प बसत नाही. महिन्याभरात त्यांनी सोळा पानांची पुस्तिका लिहिली, ‘हस्तधृत संगणक: योग्य स्पर्शाची पद्धत’. पुस्तिकेत एकूण अकरा नियम होते. पहिलाच नियम असा, ‘जे हवं आहे त्यावर कधीही टेकवू नये. हव्या असलेल्या गोष्टीच्या एक ओळ खाली टेकवावं.’ चौथा नियम, ‘टेकवल्यानंतर क्षणभर एक ओळ काळी होते. तिच्याकडे पाहू नये. झाडाकडे पाहावं. पाटीकडे पाहिल्याने संशय येतो आणि संशयाने वेग कमी होतो.’ नववा नियम हरवलेल्या काडीच्या पर्यायांविषयी होता. (केसांची पिन, पेनाचं टोपण, विणायची सुई, करंगळीचं नख फक्त वरिष्ठांच्या परवानगीने.)

त्या एका पाटीवर त्यांनी उरलेल्या सतराही जणांना पाळीपाळीने तयार केलं. पहिल्याच तासाला कनिष्ठ गणनाकार बाईंनी, ज्या त्याच वर्षी नोकरीला लागल्या होत्या, हात वर केला होता.

“सर, पण एक ओळ खाली का? सरळ त्याच्यावरच का नाही?”

“सवय होईल,” सर म्हणाले.

प्रशिक्षणाच्या इतिहासात याहून पूर्ण उत्तर दिलं गेलेलं नाही. बाईंना सवय झाली.

पद्धतीची कीर्ती वर पोहोचली. अधीक्षक मॅडमनी स्वतः येऊन पाहिलं. अठरा जण अठरा वेळा एक ओळ खाली काडी टेकवतात आणि अठरा वेळा अचूक नोंद होते, हे दृश्य पाहून त्या भारावल्या. पुस्तिकेच्या प्रती अकरा शहरांना पाठवायचं ठरलं. वरिष्ठ गणनाकारांना ‘मुख्य प्रशिक्षक’ हे पद, वेगळी खोली आणि दारावर पाटी (लाकडी) मिळणार होती. तेवीस वर्षं ज्या माणसाला शिपाईसुद्धा “ते झाडवाले” म्हणत आला, त्याला आता बायकोपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगण्यासारखं काहीतरी झालं होतं. न्हाव्याला त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि मग अठरा नव्या पाट्या आल्या. प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘नेम कारखान्यातच लावलेला आहे. पुन्हा लावू नये.’ विभागात छापील गोष्टीचा मान राखला जातो. कोणी पुन्हा लावला नाही. अठरा जण अठरा पाट्या घेऊन, पुस्तिका खिशात ठेवून, शहरात पांगले. काडी एक ओळ खाली, नजर झाडावर. टिंग. टिंग. टिंग. तीन आठवड्यांत दहा हजार एकशे पन्नास झाडं पार पडली. विभागाच्या इतिहासातला हा उच्चांक होता.

सत्कार शुक्रवारी ठरला. बुधवारी दुपारी वरिष्ठ गणनाकार रिकाम्या सभागृहात आभाराचं भाषण पाठ करत असताना त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

ताई शिवणकाम करायच्या. चढावरच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या, रस्त्याकडच्या खिडकीत शिवणयंत्र, आणि खिडकीबाहेर तुतीचं झाड. गेली सव्वीस वर्षं त्या झाडाला शिव्या देत होत्या. उन्हाळ्यात तुती पिकून टपाटपा गळायची, वाळत घातलेल्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर जांभळे डाग पडायचे. पण दुपारी एक ते पाच त्या खिडकीत दिवा न लावता, पंखा न लावता जे बारीक काम होई, ते त्याच झाडाच्या सावलीत. उघड्या उन्हात त्या खोलीत बसणं म्हणजे इस्त्रीखाली बसणं. ताईंचं पोट त्या चार तासांवर चाले.

“काय रे शहाण्या, माझं झाड कधी मेलं?”

“ताई, मी जरा सत्काराच्या तयारीत आहे.”

“झाडावर तारेनं कागद बांधून गेलेत तुझ्या ऑफिसातले. मृत म्हणे. सोमवारी तोडणार म्हणे. आणि मृतानं आत्ता माझ्या पांढऱ्या कापडावर घातलीये घाण!”

वरिष्ठ गणनाकार कनिष्ठ बाईंना आणि पाटीला घेऊन गल्लीत पोहोचले. झाड नखशिखांत हिरवंगार आणि फळांनी लगडलेलं. ते झाडाखाली उभे राहून वर पाहत असतानाच मृत झाडाने त्यांच्या सत्काराच्या नव्या सदऱ्यावर एक पिकलेली तुती सोडली.

“एखाद्या शिकाऊ माणसाच्या हातून झालं असेल,” ते सदरा पुसत म्हणाले. “पुस्तिका नीट वाचत नाहीत.”

कनिष्ठ बाईंनी पाटीत नोंद उघडली आणि खालचं नाव दोनदा वाचलं.

“सर, नोंद तुमचीच आहे. चौदा तारीख, सकाळी दहा चाळीस.”

“हो तर,” ताई खिडकीतून म्हणाल्या. “इथंच बसला होता चहा पीत. कप एका हातात, काडी दुसऱ्या हातात. मला म्हणाला, बघ ताई, मी आता पाटीकडं बघतसुद्धा नाही.”

“सराव उघडा,” वरिष्ठ गणनाकार म्हणाले. सरावाच्या पानावर त्यांनी स्वतः, पद्धतशीर, ‘निरोगी’च्या एक ओळ खाली टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चौथा नियम मोडून पाटीकडे पाहिलं. ‘मृत’ ही ओळ काळी झाली. मग कनिष्ठ बाईंनी काडी घेतली आणि सरळ ‘निरोगी’वरच टेकवली. ‘निरोगी’ काळी झाली.

“पुन्हा,” ते म्हणाले. बाईंनी पुन्हा टेकवलं. असं सहा वेळा.

“पण पुस्तिकेत…”

“सर, पुस्तिका तुमचीच आहे.”

ते ताईंच्या पायरीवर बसले आणि हळूहळू त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं शहर एक ओळ खाली सरकलं. निरोगी असलेली नऊ हजार चारशे बारा झाडं मृत. आजारी होती ती तीनशे शहाऐंशी धोकादायक. अनिश्चित एकशे एक आजारी. खरोखर मेलेली चव्वेचाळीस यादीतून गायब, कारण मृताच्या खाली काहीच नसतं. आणि शहरात आता अधिकृतपणे निरोगी उरलेली झाडं फक्त दोनशे सात. तीच, जी धोकादायक होती. म्हणजे निरोगी झाडांपैकी एकूण एक झाड कोणा ना कोणाच्या छपरावर झुकलेलं होतं.

“मग बदल ना लगेच,” ताई म्हणाल्या. “टेकवलंस तसं पुसून टाक.”

आता कंगव्याची वेळ आली. घर, घड्याळ, भिंग, पाना सगळं पालथं घालून झाल्यावर कनिष्ठ बाईंनी धीर करून कंगव्यावर काडी टेकवली. ‘दुरुस्ती’ उघडलं. (सहा महिने ज्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, तिथेच नेमकी दुरुस्ती ठेवलेली होती.) वरिष्ठ गणनाकारांनी ‘मृत’च्या जागी ‘निरोगी’ निवडलं, बरोबर त्याच्यावर टेकवून. पाटी म्हणाली, ‘अवैध बदल. मृत झाड निरोगी होऊ शकत नाही.’

वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला हे मान्य करावं लागलं. शास्त्र यंत्राच्या बाजूने होतं.

‘नवीन झाड लावलं’ असा एक पर्याय होता, तोही करून पाहिला. पाटीने घेर विचारला. एकशे चौसष्ट सेंटिमीटर. ‘नवीन लावलेल्या झाडाचा घेर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही.’ हेही खरंच होतं.

त्याच दुपारी ते अधीक्षक मॅडमसमोर उभे राहिले. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमचं म्हणणं, पद्धत चुकीची आहे.”

“हो मॅडम.”

“पद्धत चुकीची असती तर कोणीतरी बोललं असतं.”

“मी बोलतोय, मॅडम.”

“तुमची पद्धत आहे. तुम्ही कसे बोलाल?” मॅडमनी समोरचा अहवाल पुढे सरकवला. “हे बघा. मृत झाडांची नोंद दोनशे पटीनं सुधारली, असं वरती कळवलंय आपण. वरून अभिनंदनाचं पत्र आलंय. तोडणारी माणसं सोमवारपासून लागतायत.”

“पण त्यांना झाड हिरवं दिसेल की.”

“ते नोंद पाहतात. झाड पाहायचं काम आपल्या विभागाचं.” मग त्या जरा मऊ झाल्या. “बहिणीच्या झाडाचं म्हणता ना? एका झाडाचं काय ते मी बघते. ‘विशेष बाब’ म्हणून बाजूला काढू. तुम्ही शुक्रवारचं भाषण तयार करा. छोटं ठेवा.”

आता इथे वरिष्ठ गणनाकारांचं थोर अंतःकरण पेटून उठलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. प्रत्यक्षात त्यांना हायसं वाटलं. खूपच हायसं वाटलं. जाताजाता त्यांनी आपल्या होणाऱ्या खोलीचं दार ढकलून आत पाहिलं. खिडकी पूर्वेला होती. हवा चांगली खेळत होती. गुरुवारी सकाळी ते ही शुभवार्ता घेऊन ताईंकडे गेले. ताई जमिनीवर कापड पसरून बेतायला बसल्या होत्या, तोंडात चार टाचण्या.

“वाचलं तुझं झाड. मॅडमनी स्वतः शब्द दिलाय.”

ताईंनी टाचण्या काढून उशीला टोचल्या. “आणि बाकीची?”

“बाकीच्यांच्या दारात माझी बहीण राहत नाही.”

“त्यांच्या दारात कुणाचीच राहत नाही वाटतं?” ताईंनी खडू उचलला. “ये इकडं. दाखव, कसं टेकवतोस ते तू.”

ताईंनी कापडावर खडूने एक खूण केली. त्यांनी बोटाने खुणेच्या खाली, सवयीने, नेमकं एक ओळ अंतर ठेवून, दाखवलं.

“खूण जिथं, कात्री तिथं,” ताई म्हणाल्या. “मी जर रोज खुणेच्या खाली कापत बसले, तर गावाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. आणि आल्यावर मी लोकांना काय सांगायचं? हात लांब करा म्हणून? तेवीस वर्षांत कुणी सांगितलं नाही तुला?”

“विभागात सांगायची पद्धत नाही.”

“मग तू सांग. चुकलास तर चुकलो म्हण की. जीभ झिजते का?”

“खोली जाईल, ताई.”

“इथं ये बसायला. झाड आहे.”

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. शाल, हार, पुस्तिकेच्या प्रतींचा मनोरा. वरिष्ठ गणनाकार उभे राहिले आणि म्हणाले, “ही पद्धत चुकीची आहे. यंत्राचा नेम मी चुकीचा लावला. त्या चुकीलाच मी पद्धत म्हणालो आणि तुम्हा सगळ्यांना शिकवली.”

कडकडून टाळ्या पडल्या. एवढा नम्र माणूस विभागात झाला नव्हता.

“नाही, खरंच चुकीची आहे,” ते म्हणाले. टाळ्या वाढल्या. मागच्या रांगेत एकाने डोळे पुसले. तिसऱ्यांदा त्यांनी ओरडून सांगितलं, “नऊ हजार चारशे बारा जिवंत झाडं आपण मृत दाखवली आहेत!” तेव्हा टाळ्या थांबल्या, आणि सतरा गणनाकारांनी एकमेकांकडे न पाहता आपापल्या पाटीकडे पाहिलं. कनिष्ठ बाई तेवढ्या उभ्या राहिल्या. “खरं आहे. मी पाहिलंय,” एवढंच म्हणून बसल्या.

मॅडमनी हे लेखी मागितलं. त्यांनी लेखी दिलं. लेखी आलं की मात्र विभाग वाऱ्यासारखा हलतो. मुख्य प्रशिक्षकपद त्याच संध्याकाळी रद्द झालं. खोली झेरॉक्स मशीनला मिळाली. ताईंच्या झाडाची ‘विशेष बाब’ही मागे घेतली गेली. (पुस्तिका आधीच अकरा शहरांना गेल्या होत्या; चार शहरांकडून आभाराची पत्रं आली.) एकदा मोजलेलं झाड वर्षभर पुन्हा मोजता येत नाही आणि मृत झाड निरोगी करता येत नाही, हे दोन्ही नियम अबाधित राहिले. पण लेखी कबुली असल्यामुळे तोड पंधरा दिवस थांबवणं भाग पडलं, आणि एक सहसा न वापरलं जाणारं कलम कपाटातून काढण्यात आलं. नागरिकांचे आक्षेप. ज्याच्या दारात झाड आहे, त्याने स्वतः कार्यालयात यावं, खिडकीवर ठेवलेल्या पाटीवर झाडाचं नाव आपल्या हाताने लिहावं आणि ‘झाड जिवंत आहे’ यावर टेकवावं. आक्षेप आला की ते झाड यादीतून बाहेर. या खिडकीवर बसायला अनुभवी माणूस हवा होता. वरिष्ठ गणनाकारांना एक खुर्ची आणि दोरीला बांधलेली एक काडी देण्यात आली.

पहिल्या दिवशी पहिल्या आल्या त्या ताई. काडी खडूसारखी धरली, एका दमात ‘तुती’ लिहिलं आणि जिथे टेकवायचं तिथेच टेकवलं. टिंग. “झालं?” म्हणाल्या. “यासाठी तुम्हाला सहा महिने लागले?” आणि कापडं पडली आहेत म्हणून लगेच निघून गेल्या. तुतीवरचा कागद दुसऱ्या दिवशी निघाला.

त्यानंतर वरिष्ठ गणनाकार सज्ज होऊन बसले. उरलेल्या नऊ हजार चारशे अकरा झाडांच्या दारातली माणसं येतील, रांग लागेल, धक्काबुक्की होईल, म्हणून त्यांनी दोरखंड बांधून घेतला होता. अकरा दिवसांत तेवीस माणसं आली. त्यांतली नऊ पाण्याच्या तक्रारीसाठी आली होती. एक निवृत्त मास्तर काडी हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “अहो ते… ज्याच्याखाली मी गाडी लावतो ते.” पाटीने ते घेतलं नाही. एका डॉक्टरांनी ‘मोठं झाड’ असं लिहिलं. एका बाईंनी ‘हिरवं’. एका जोडप्यात खिडकीवरच भांडण झालं, कारण त्याच्या मते दारात झाड होतं आणि तिच्या मते नव्हतं. चाळीस वर्षं एकाच दारातून ये-जा करून.

वरिष्ठ गणनाकारांना प्रत्येक झाडाचं नाव तोंडपाठ होतं. पत्ता ऐकताच सालसुद्धा डोळ्यांपुढे येई. पण कलमात स्पष्ट म्हटलं आहे की कर्मचाऱ्याने नागरिकाला नाव सुचवू नये. सुचवल्यास आक्षेप बाद. एकदा त्यांनी खोकल्याचं निमित्त करून पाहिलं. ‘निलगिरी’ खोकल्यातून नीट येत नाही. बाकी वेळ ते दोन्ही ओठ आत घेऊन बसतात आणि काडी पुढे करतात. आजपर्यंत मंजूर झालेले आक्षेप, ताईंचा धरून, सहा.

मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला संपते. मृत झाडांची यादी कार्यालयाच्या दाराशी, गल्लीवार, लावलेली आहे. तुमची गल्ली तिच्यात आहे. येताना ओळखपत्र आणायची गरज नाही, फक्त दारातल्या झाडाचं नाव लागेल, तेव्हा ते आत्ताच आठवून ठेवा. घाई नाही. मात्र काडी हातात घेतल्यापासून दोन मिनिटं पाटीवर काही उमटलं नाही, तर ती आपोआप बंद होते, आणि गप्प राहणाऱ्याची संमती आहे असं धरलं जातं.